निर्बंध उठले, आता निघायची तयारी : साथी आणि प्रवास यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

२०२२ मध्ये गुढीपाडव्याच्या तोंडावर, १ एप्रिलपासून, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्क ऐच्छिक झाला, लग्नांना माणसे मोजून बोलवायची गरज उरली नाही, एस.टी. आणि रेल्वे पुन्हा भरून धावू लागल्या. त्या वर्षी १० जुलैला आषाढी एकादशी होती. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी या वाटेने जाते. त्यामुळे राणीसावरगाव आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून कुणी दिंडीत जाणार होते, कुणी नुसते दर्शनाला, तर कुणी दोन वर्षे न भेटलेल्या लेकीला भेटायला पुण्या-मुंबईला.

त्या दिवसांत रुग्ण जे प्रश्न विचारत, त्यातले बहुतेक कागदाबद्दल असत. पास लागतो का? लसीचे सर्टिफिकेट दाखवावे लागेल का? टेस्ट करून जावे का? प्रश्न चुकीचे नाहीत. पण साथीनंतर पुन्हा प्रवासाला निघण्याची वेळ आपल्या मुलखावर पहिल्यांदा आलेली नाही. प्लेग, मानमोडी, पटकी यांतून आपले पणजोबा आणि आजोबा गेले. त्या इतिहासाकडे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. निर्बंध सरकारच्या आदेशाने लागतात आणि आदेशाने उठतात. आजार मात्र स्वतःच्या गतीने जातो. म्हणून निघण्याआधी पहिला प्रश्न हा, की हा आजार पसरतो कसा. त्याचे उत्तर कळले की बॅगेत काय घ्यायचे आणि घरी कधी थांबायचे, हे आपोआप कळते.

चाळीस दिवसांची गोष्ट

कोरोनाने आपल्या बोलण्यात आणलेला ‘क्वारंटाइन’ हा शब्द साडेसहाशे वर्षांच्या परंपरेतून आलेला आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागूसा (आजचे दुब्रोव्हनिक) या बंदराने प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवायचा नियम केला. पुढे ती मुदत चाळीस दिवसांची झाली. व्हेनिसच्या भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून क्वारंटाइन. जंतू कुणाला माहीतच नव्हते. पण आजार अंगात असूनही काही दिवस दिसत नाही, आणि माणूस त्या काळात प्रवास करतो, एवढे व्यापाऱ्यांनी अनुभवाने ओळखले होते. आज आपण याला ‘इन्क्युबेशन पीरियड’ म्हणतो. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा मुद्दा लक्षात ठेवा.

प्लेग : तपासणी कडक, पण नजर भलतीकडे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांतच लाखो लोक मुंबई सोडून आपापल्या गावी निघाले. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून गावाकडे निघालेली माणसे आपण पाहिली. तसेच दृश्य तेव्हाही होते, फक्त तेव्हा रेल्वे सुरू होती.

फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. त्याच कायद्याचा आधार मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने घेतला. या कायद्याने सरकारला प्रवासी तपासण्याचा, संशयितांना वेगळे ठेवण्याचा, घरे तपासण्याचा अधिकार मिळाला. स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून ताप पाहत, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपत. बायाबापड्यांची अशी तपासणी लोकांना अपमानास्पद वाटली आणि संताप वाढत गेला. पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या काळात घरांची झडती सुरू झाली. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर त्या काळाने दोन धडे दिले.

पहिला धडा असा, की भीती बसली की माणसे आजार लपवतात. छावणीत नेतील म्हणून घरच्यांनी रुग्ण माळ्यावर, कोठीत लपवले. २०२० मध्येही ‘शाळेत चौदा दिवस ठेवतील’ म्हणून खोकला दाबून धरणारी माणसे होती. लपवलेला ताप सगळ्यांत आधी स्वतःच्या घरात पसरतो.

दुसरा धडा तपासणीबद्दलचा. ज्याला ताप आणि गाठ आली आहे, तोच तपासणीत सापडतो. ज्याच्या अंगात जंतू आहे पण लक्षण अजून नाही, तो आरामात पुढे जातो. शिवाय प्लेगचा खरा प्रवासी माणूस नव्हताच. धान्याच्या पोत्यांमधले उंदीर आणि कपड्या-अंथरुणांतून जाणाऱ्या पिसवा प्लेग नेत होत्या. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदीर आणि पिसवांचा हा संबंध दाखवला. लोकांना आणि सरकारला तो पटायला आणखी काही वर्षे गेली. तोवर माणसांची झडती होत राहिली आणि पोती गावोगाव जात राहिली. हिंदुस्थानात प्लेगने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त बळी घेतले.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून इंग्रजांचा कायदा इथे थेट चालत नव्हता. पण प्लेगने सरहद्द मानली नाही. तो संस्थानातही आला.

गावाबाहेरच्या झोपड्या

प्लेगात सरकारपेक्षा शहाणपणाची एक रीत दख्खनच्या खेड्यांनी धरली. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव ओळखायचे आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायला जायचे. पिसवांचे शास्त्र कुणी वाचलेले नव्हते. पण उंदीर आधी पडतात आणि मग माणसे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आता शास्त्राने पाहिले तर ही कृती अगदी बरोबर होती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. त्या घरातून बाहेर पडणे म्हणजे पिसवांपासून दूर जाणे.

आजच्या आपल्या विषयाला जवळचा भाग परतण्याचा आहे. साथ ओसरली म्हणून कुणी त्याच दिवशी घरात जाऊन झोपले नाही. आधी घर उघडायचे, छपराची कौले किंवा पत्रे काढून आत ऊन येऊ द्यायचे, भिंतींना चुना द्यायचा, अंथरूण-पांघरूण उन्हात टाकायचे, आणि मगच राहायला जायचे. म्हणजे निर्बंध संपल्यावरही परतायची एक तयारी होती, आणि ती त्या आजाराला साजेशी होती. कोरोना उंदरांतून येत नाही, म्हणून चुना मारून उपयोग नाही. त्याला साजेशी तयारी वेगळी, ती पुढे येईलच.

लस आणि दाखला

याच प्लेगात मुंबईत लस तयार झाली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ती बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. पुढे काही ठिकाणी लस टोचून घेतलेल्यांना निर्बंधांतून सूट देणारे दाखले मिळू लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना मुंबईच्या लोकलमध्ये परवानगी मिळाली, त्याचे हे जुने रूप म्हणता येईल.

दाखल्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. कोरोनाची लस गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून चांगले संरक्षण देते. संसर्ग होणारच नाही, अशी हमी ती देत नाही. ओमायक्रॉनच्या लाटेत दोन डोस घेतलेल्या अनेकांना सर्दी-ताप आला, पण बहुतेक जण घरीच बरे झाले. म्हणजे लस तुमचा जीव वाचवायला आहे. तुमच्यापासून दुसऱ्याला लागण होणार नाही, असे समजून ताप अंगावर काढत बसमध्ये चढायला नाही.

मानमोडी : मधला शांत काळ फसवा असतो

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. पहिले महायुद्ध चालू होते. सैनिकांची जहाजे मुंबई बंदरात येत होती. जून १९१८ मध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापाने फणफणले, तिथून आजार शहरात गेला. जुलैच्या सुरुवातीला मृत्यू वाढले आणि मग साथ ओसरली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा कितीतरी जबर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे गेली. हा आजार श्वासातून पसरतो. त्याला ना उंदीर लागतो, ना पाणी. रेल्वेच्या डब्यात दाटीने बसलेली माणसे तो गावोगाव घेऊन गेली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झाले होते, अंगात ताकद नव्हती. देशात सव्वा कोटी ते दोन कोटींच्या दरम्यान माणसे मेली असावीत, असे बहुतेक अंदाज सांगतात. १९११ ते १९२१ हे हिंदुस्थानच्या जनगणनेतले लोकसंख्या घटलेले एकमेव दशक आहे, त्याचे मोठे कारण मानमोडी.

कोरोनाशी सर्वांत जवळचे नाते याच साथीचे आहे. दोन्ही श्वासातले आजार, दोन्ही लाटांनी येणारे. आपणही हे भोगले आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘संपला कोरोना’ म्हणून लग्ने झाली आणि एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव करावी लागली. आता आपल्याकडे लस आहे, बहुतेकांच्या अंगात काही ना काही प्रतिकारशक्ती आहे, म्हणून २०२१ ची पुनरावृत्ती होईल असे मी म्हणत नाही. पण जून २०२२ मध्ये मुंबई-पुण्याकडे रुग्ण पुन्हा थोडे वाढत होते. ज्यांचे वय साठच्या पुढे आहे, ज्यांना मधुमेह, दमा, किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी सावध राहायलाच हवे.

पंढरीची वाट आणि पटकी

वारीची आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, गाठ फार जुनी. पंढरपूरला लाखो माणसे जमत. चंद्रभागेत अंघोळ, तिथेच धुणे, तेच पाणी पिण्याला. पटकीचा जंतू रुग्णाच्या जुलाबातून पाण्यात जातो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत आजार उफाळतो. म्हणजे एकादशीला चांगला असलेला वारकरी परतीच्या वाटेवर आजारी पडे, आणि त्याच्या मुक्कामाच्या गावच्या विहिरीत पटकी पोचे. रेल्वे आल्यावर हे अंतर आणखी लवकर कापले जाऊ लागले. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. ती आपल्या बाजूच्या भाविकांची मोठी सोय होती, आणि जंतूचीही.

त्यावर यात्रेकरूंना पटकीची लस सक्तीची झाली. नाक्यावर टोचून घेतल्याशिवाय पुढे सोडत नसत, हे घरातले जुने लोक आजही सांगतात. त्या इंजेक्शनाचे संरक्षण अर्धवट होते आणि काही महिनेच टिकायचे. ते संसर्ग पसरणे थांबवत नाही हे लक्षात आल्यावर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पटकीच्या लसीचा दाखला मागण्याची अट काढून टाकली.

मग पटकी आटोक्यात आली कशाने? क्लोरीन घातलेल्या पाण्याने, टँकर आणि नळांनी, संडासांनी, आणि मीठ-साखरेच्या पाण्याने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला नातेवाइकांनाच शिकवले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आज मेडिकलमध्ये मिळणारी ओआरएसची पुडी तीच. वारीच्या झोळीत ती दोन-चार असलीच पाहिजे.

१९९४ : घाबरून पळताना

हे आपल्या शेजारचे आहे आणि पन्नाशीच्या माणसांना आठवतही असेल. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष होत आले होते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा. सुरतेहून काही दिवसांत लाखो माणसे निघाली, त्यात तिथे कामाला गेलेली मराठी माणसेही होती. अनेक देशांनी भारतात येणारी विमाने बंद केली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या, कारण गरज नसलेल्यांनीही त्या खाल्ल्या आणि साठवल्या.

मोठी साथ पसरली नाही, कारण आता प्लेगवर औषध होते आणि रुग्ण वेळेवर शोधले गेले. पण ती सवय आजही टिकून आहे. प्रवासाला निघताना ‘असू द्यावी जवळ’ म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी घेणारे बरेच जण असतात. कोरोना विषाणूने होतो, अँटिबायोटिक त्याला मारत नाही. उगाच खाल्लेले अँटिबायोटिक पुढे खरी गरज असताना काम करत नाही.

२०२० : ज्यांना परत यायचे होते

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली, आपल्या गंगाखेड भागातलीही, ऊसतोड माणसे कारखान्यांच्या फडात होती. राज्यात असे एक लाखाहून जास्त कामगार अडकले होते. एप्रिलच्या मध्यावर त्यांना तपासणी करून गावी परतायची परवानगी मिळाली. तोवर कुणाचे रेशन संपले होते, कुणाची बाई बाळंतपणाला आलेली होती. ८ मे रोजी जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले.

ई-पास सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. पण त्या दिवसांनी एक शिकवले आहे. अचानक सगळे थांबले तर काय करायचे, हे निघताना ठरलेले असावे. दसरा-दिवाळीनंतर पुन्हा फडावर जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चार-पाच महिन्यांसाठी जाताना बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी, बाळाचे लसीकरण कार्ड, गरोदर बाईचे माता-बाल कार्ड आणि रेशन कार्ड सोबत हवे. या कागदांवर कुठल्याही सरकारी दवाखान्यात पुढचे उपचार सुरू ठेवता येतात.

आता निघताना

वरच्या सगळ्या गोष्टींतून आजच्या प्रवासासाठी जे उरते, ते असे.

१. ताप, घसादुखी, नवा खोकला असेल तर निघू नका. टेस्ट करा. पॉझिटिव्ह आली तर सात दिवस वेगळे राहा, आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की मगच बाहेर पडा. वारी चुकल्याचे दुःख मला कळते. पण दिंडीतल्या राहुटीत शेजारी झोपणारे आजोबा सत्तरीचे असतात.

२. दुसरा डोस राहिला असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. जून २०२२ मध्ये दुसऱ्या डोसाला नऊ महिने झालेल्या साठीवरच्यांना सरकारी केंद्रात प्रिकॉशन डोस मोफत होता. अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशीची वाट पाहू नका.

३. मास्क आता सक्तीचा नाही, पण हा श्वासातला आजार आहे. भरलेली एस.टी., रेल्वेचा डबा, दर्शनाची बंदिस्त रांग, दवाखाना इथे लावा. उघड्या रस्त्यावर चालताना काढला तरी चालेल. बसची खिडकी उघडी ठेवा.

४. नेहमीच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या. निम्म्या जवळ आणि निम्म्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. इन्सुलिन उन्हात ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ते बरे टिकते.

५. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका. रोज रात्री तळपाय पाहा. फोड फोडू नका, जखम दिसली की त्याच दिवशी दाखवा.

६. पाणी उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले प्या. जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका.

७. धाप लागणे, छातीत दुखणे, बोलताना गोंधळ होणे, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा यापैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. दिंडीसोबत आरोग्य पथक असेल तर त्यांना लगेच सांगा.

८. परत आल्यावर पाच-सहा दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा. घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे बाळ असेल तर तेवढे दिवस त्यांच्याजवळ जाताना मास्क लावा. सर्दी-ताप आला तर लपवू नका. आता कुणी शाळेत नेऊन ठेवत नाही.

साठीच्या पुढचे, आणि बीपी, शुगर, दमा किंवा हृदयाचा आजार असलेले सगळे वारकरी यांनी निघण्याआधी आठ दिवस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे एकदा तपासून घ्यावे. शुगर किंवा बीपी वाढलेले निघाले तर औषध बदलून ते उतरायला तेवढे दिवस हाताशी असतात. आदल्या दिवशी आलात तर आमच्या हातात फार काही उरत नाही.